मेडिकलमधल्या अँटिबायोटिकच्या रजिस्टरबद्दल मंत्रीसाहेबांना खुलं पत्र

मा. अन्न व औषध प्रशासन (एफडीए) मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

साहेब, नमस्कार. मी पुण्यात धायरीत राहते, पोरगा साडेतीन वर्षांचा, प्लेग्रुपला जातो, म्हणजे पावसाळाभर घरात कुणाचं ना कुणाचं नाक वाहतच असतं. मागच्या जुलैत त्याला ताप आला, रात्री 102, सकाळी नाकातून पिवळंहिरवं, आणि सोसायटीच्या ग्रुपवर लगेच सल्ले सुरू, अगं ते अमुक सिरप दे, तीन दिवसांत खडखडीत. मी पण काही शहाणी नाही. आदल्या वर्षीच्या बाटलीचा मोबाईलमधला फोटो कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये दाखवला. काकांनी ना चिठ्ठी मागितली ना पोराचं वजन विचारलं, सेफिक्झीम या अँटिबायोटिकची पावडरवाली बाटली पिशवीत टाकली आणि म्हणाले, "उकळून गार केलेलं पाणी घाला हां ताई, रेषेपर्यंत." संपलं.

कसं कोण जाणे पण बाटली फोडायच्या आधी मुलांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कान, घसा बघितला, शर्ट वर करून मिनिटभर श्वास मोजले (हे काकांनी केलं नव्हतं, आणि मी पण नाही). म्हणाले व्हायरल आहे, अँटिबायोटिक बॅक्टेरियावर चालतं, व्हायरसवर काडीचा उपयोग नाही, आणि नाक हिरवं झालं म्हणजे बॅक्टेरियाच असं काही नसतं. वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्या, पाणी पाजत राहा, धाप लागली, पिणं बंद झालं किंवा पोर सुस्त पडलं तर रात्री-अपरात्री पण आणा. चौथ्या दिवशी ताप गेला. आता गंमत बघा, मी ते सिरप पाजलं असतं ना, तर जन्मभर सिरपनेच बरा झाला म्हणत बसले असते आणि ग्रुपवर सल्ला देणाऱ्यांत आणखी एकीची भर!

बॅक्टेरियाचा न्यूमोनिया, टायफॉईड यांना अँटिबायोटिक लागतंच, डॉक्टर सांगतील तसं आणि तितके दिवस द्यायचंच. पण उठसूट दिलं की जंतू सरावतात, मग खरी वेळ येते तेव्हा औषध चालत नाही, आणि ते जंतू काय एकाच घरात थोडेच राहतात.

आणि हे ज्या पिंपरीत पेनिसिलिन बनवायला 1954 साली एचए (हिंदुस्तान अँटिबायोटिक्स) ही सरकारी कंपनी निघाली तिच्या शेजारी चाललंय.

नवीन कायदा नकोच आहे साहेब. शेड्यूल एच1, म्हणजे जपून विकायच्या औषधांची सरकारी यादी, 1 मार्च 2014 पासून लागू आहे, सेफिक्झीम त्यात आहे. चिठ्ठीशिवाय विकायचं नाही, आणि विकलं की वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं सगळं लिहायचं, ते रजिस्टर 3 वर्षं जपायचं. तुमच्या इन्स्पेक्टरनी फक्त एक करावं, होलसेलरच्या बिलावर बाटल्या किती आल्या आणि रजिस्टरला किती गेल्या एवढं जुळवून बघावं. दुसरं म्हणजे केरळने 2024 मध्ये दुकानांना पाट्या लावायला लावल्या, चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मिळणार नाही अशा. तशी एक मराठीत लावा, मोठ्या अक्षरात, कारण बाटलीवरची लाल चौकटीतली सूचना इंग्रजीत आणि मुंगीएवढी असते, माझ्या सासूबाईंनी ती कधी वाचायची?

परवा मी त्याच मेडिकलमध्ये गेले आणि एच1 चं रजिस्टर बघू म्हटलं. काका हसले. "ताई, तुम्ही काय एफडीएच्या आहात का?"

नाही ना, म्हणून तर तुम्हाला लिहितेय.

आपली,
धायरीतली एक आई