विमा बदलण्याची मुदत टळल्यावर येणारी नूतनीकरणाची सूचना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला, तेव्हा आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात सगळ्यांनाच हायसे वाटले. त्याआधी, ३० जानेवारी २०२५ रोजी, भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने साठी ओलांडलेल्यांचा हप्ता प्राधिकरणाशी आधी सल्लामसलत केल्याखेरीज वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवण्यास कंपन्यांना मनाई केली होती. दोन्ही निर्णय स्वागतार्हच आहेत. परंतु त्यांचा लाभ आपल्या पदरात पडला की नाही हे म्हाताऱ्या माणसाने तपासायचे कसे, आणि हप्ता परवडेनासा झाल्यास कंपनी बदलायची कधी, याची सोय अजून झालेली नाही.

जुन्या पॉलिसीचे लाभ राखून दुसऱ्या कंपनीकडे जाण्याची, म्हणजे पोर्टिंगची, सवलत २०११ पासून आहे. पॉलिसीच्या छापील शर्ती पाहिल्या तर त्यासाठीचा अर्ज नूतनीकरणाच्या तारखेला ६० ते ४५ दिवस उरलेले असताना करावा लागतो. नूतनीकरणाची सूचना मात्र आमच्या संघातील बहुतेकांच्या हाती शेवटच्या महिन्यात पडते. नवा आकडा कळेपर्यंत अर्जाची मुदत उलटून गेलेली असते, आणि उशिरा आलेला अर्ज स्वीकारायचा की नाही हे सर्वस्वी नव्या कंपनीच्या मर्जीवर राहते. माझ्या पत्नीच्या पॉलिसीबाबत नेमके हेच घडले. सूचनेवर एकच ठोक रक्कम छापलेली होती. त्यातली वाढ वरच्या वयोगटात गेल्यामुळे किती आणि कंपनीने दरच वाढवल्यामुळे किती, याचा कुठे पत्ता नव्हता. फोन केल्यावर ‘आमच्या सिस्टीममध्ये एवढीच रक्कम दिसते’ असे उत्तर मिळाले. अशा सूचनेवरून १० टक्क्यांची मर्यादा पाळली गेली की नाही, हे कोणी आणि कसे पडताळायचे?

आमच्या वयात कंपनी बदलताना नुसत्या हप्त्यांची तुलना करून भागत नाही, म्हणून हा वेळ हवा असतो. आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा कालावधी, म्हणजे ज्या काळात त्या आजारांचा क्लेम मिळत नाही तो, १ एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आला आहे, आणि पोर्टिंग करताना जुन्या कंपनीकडे काढलेली वर्षे त्यात धरली जातात. पण ती जुन्या विमा रकमेपुरतीच. तीन लाखांची पॉलिसी दहा लाखांची करून घेतली, तर वरच्या सात लाखांसाठी प्रतीक्षा पुन्हा सुरू होते, हे एजंट क्वचितच समजावून सांगतो. को-पेमेंटचेही तसेच. हप्ता कमी दिसतो तो बऱ्याचदा प्रत्येक क्लेममधले २० टक्के आपण भरायचे, या अटीमुळे.

त्याहून फसवी अट खोलीभाड्याची. समजा पाच लाखांच्या पॉलिसीत खोलीभाड्याला दिवसाला एक टक्का, म्हणजे ५,००० रुपयांची मर्यादा आहे आणि रुग्णाला ८,००० रुपयांच्या खोलीत ठेवले. घरच्यांचा समज असा असतो की वरचे तीन हजार रोज आपण भरले की झाले. प्रत्यक्षात डॉक्टरांची फी, नर्सिंग, शस्त्रक्रियागृहाचे भाडे हे संलग्न खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. हे खर्च १,६०,००० रुपये झाले असतील, तर कंपनी त्यातले १,००,००० मंजूर करते आणि उरलेले ६०,००० डिस्चार्जच्या दिवशी मुलाला उभे करावे लागतात. ही अट पॉलिसीत आहे की नाही, हे ज्या एका माहितीपत्रकात थोडक्यात दिलेले असते, ते स्थानिक भाषेत मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे. मराठीतले पत्रक प्रत्येकाने मागावेच, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पॉलिसी विकत घेण्यासाठीची ६५ वर्षांची मर्यादा २०२४ मध्ये निघाली, तरी अर्जदाराची प्रकृती पाहून अर्ज नाकारण्याची मुभा नव्या कंपनीला आहेच. म्हणून तिची लेखी मंजुरी हाती येईपर्यंत जुनी पॉलिसी खंडित होऊ देऊ नये. आधी क्लेम घेतले या कारणासाठी जुनी कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही. अर्जात आजार लपवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तोही मुळीच ऐकू नये; त्यातून पुढचा क्लेमच धोक्यात येतो.

सत्तरी पार केलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळू लागल्यापासून ‘आता खासगी पॉलिसी कशाला?’ असे अनेक जण विचारतात. खासगी विमा असलेल्यांनाही हे कार्ड मिळते, तेव्हा ते अवश्य काढावे. परंतु आपण ज्या रुग्णालयात जातो ते योजनेत आहे का, आणि आपला उपचार तिथे त्या कार्डावर होतो का, हे समक्ष जाऊन विचारल्याशिवाय जुनी पॉलिसी सोडणे धोक्याचे आहे. एकदा ती सुटली की पंचाहत्तरीत नव्याने विमा मिळणे दुरापास्त, आणि मिळालाच तरी प्रतीक्षा पहिल्या दिवसापासून.

हे सारे रुग्णालयात चौकशी करून, परगावी असलेल्या मुलामुलींशी फोनवर बोलून आणि बारीक टाइपातल्या अटी वाचून ठरवायचे, तर महिनाभर तरी हाताशी हवा. कंपन्यांच्याच शर्तींत, दर वा अटी बदलायच्या झाल्यास तीन महिने आधी कळवण्याचे कलम असते. वयोगट बदलल्याने होणारी वाढ तर कंपनीला वर्षभर आधीच ठाऊक असते. तेव्हा साठीपुढील प्रत्येक पॉलिसीधारकाला नूतनीकरणाच्या तारखेच्या किमान ९० दिवस आधी नव्या हप्त्याची सूचना देणे, त्यात वयोगटामुळे झालेली वाढ आणि दरवाढ वेगवेगळी दाखवणे, आणि पोर्टिंगच्या अर्जाची शेवटची तारीख ठळक अक्षरांत छापणे प्राधिकरणाने सक्तीचे करावे. सूचना उशिरा गेली, तर अर्जाची मुदतही तितकीच पुढे सरकावी. राज्यातील खासदारांनी हा विषय अर्थमंत्र्यांकडे मांडावा आणि आपल्या दैनिकाने त्याचा पाठपुरावा करावा, ही विनंती.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, नाशिक