पॅलेस्ट्रिनाबद्दलची ती दंतकथा

स. न.

रविवार पुरवणीत सोळाव्या शतकातला इटालियन संगीतकार पॅलेस्ट्रिना याच्यावर लेख आला, याचा मनापासून आनंद झाला. मात्र त्यातली एक गोष्ट दुरुस्त व्हायला हवी. चर्चमधून बहुस्वरी गायन (अनेक आवाजांनी एकाच वेळी वेगवेगळ्या सुरावटी गाणं) हद्दपार व्हायच्या बेतात होतं आणि ‘मिसा पापाए मार्चेल्ली’ ही ‘मिसा’, म्हणजे कॅथलिक उपासनेच्या प्रार्थनांची संगीतरचना, ऐकवून पॅलेस्ट्रिनाने ते वाचवलं, असं त्यात म्हटलं आहे. ही दंतकथा आहे. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेने सप्टेंबर १५६२ मध्ये एवढंच ठरवलं, की चर्चच्या संगीतात कामुक किंवा अशुद्ध काही मिसळू नये. गाताना शब्द कळतात का, हे पाहायला २८ एप्रिल १५६५ रोजी पोपचे गायक रोममध्ये कार्डिनल व्हितेलोत्सी यांच्या घरी गायले. तिथे हीच रचना गायली गेली, याला पुरावा नाही. जिच्या नावात पोप दुसरे मार्सेलस आहेत, ती छापली गेली १५६७ मध्ये. ते स्वतः १५५५ मध्ये अवघे २२ दिवस पोपपदावर होते.

दंतकथा बाजूला ठेवली तरी रचनेचं मोल तसूभरही कमी होत नाही. ‘किरिये’, ‘ग्लोरिया’ आणि ‘क्रेदो’ हे मिसाचे भाग. ‘किरिये’त शब्द मोजकेच, म्हणून सूर मोकळे सुटतात: एकच सूर पुन्हा, मग वर मध्यमावर उडी आणि लगेच पायरीपायरीने उतरण. एका आवाजाने घेतलेली ही सुरावट दुसरा उचलतो, मग तिसरा. ‘ग्लोरिया’ आणि ‘क्रेदो’त शब्दांची रास आहे. तिथे एका अक्षराला बहुधा एकच सूर मिळतो आणि सहाही आवाज क्वचितच एकदम गातात. तीन-चारांचे गट आलटून पालटून पुढे येतात, पण गटातले सगळे एकच अक्षर एकाच वेळी उच्चारतात. शब्द कळतात ते यामुळे.

गायकवृंदांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. मूळ छपाईत मात्रांच्या उभ्या रेघा नव्हत्या. आजच्या प्रतीतल्या रेघेवर जोर दिला, की लॅटिन शब्दाचा आघात भलत्याच अक्षरावर पडतो. म्हणून आधी ओळ नुसती वाचावी, मग गावी. दुसरं म्हणजे पट्टी. ही रचना उंच क्लेफांत (ओळीच्या सुरुवातीला सुरांची जागा ठरवणाऱ्या खुणांत) लिहिलेली आहे. अशा रचना त्या काळी साधारण षड्ज ते मध्यम एवढ्या अंतराने खाली उतरवून गात. लिहिलेल्याच पट्टीत घेतली, तर सोप्रानो (सर्वांत उंच आवाज) आणि टेनर (पुरुषांचा उंच आवाज) ताणले जातात, आवाज टोचरा होतो आणि ‘क्रेदो’ संपेपर्यंत सूर घसरू लागतो.

— एक वाचक, पुणे