सध्या काय वाचताय? रविवारच्या नोंदींसाठी सूचना
सभासदहो, रविवारी रात्री ९ पर्यंत सध्या हातात असलेल्या एकाच पुस्तकाची नोंद टाका. लेखक, अनुवादक, प्रकाशन, आवृत्तीचे वर्ष हवेच. नुसत्या नावाने घोळ होतो. साने गुरुजींच्या लेखनाचा स्वामित्वहक्क २०१० अखेर संपला, म्हणून ‘श्यामची आई’ आता अनेक प्रकाशनांची मिळते आणि पान क्रमांक जुळत नाहीत. तेव्हा पान नको, प्रकरण लिहा (‘श्यामची आई’त प्रकरणाला ‘रात्र’ म्हटले आहे, म्हणून ‘रात्र’ कितवी ते).

शिफारशीत ‘अप्रतिम!’ पुरत नाही. कुणी वाचावे, कुठे रेंगाळते, हे दोन ओळींत सांगा. शेवट फोडू नका. अर्ध्यात सोडलेले पुस्तकही चालेल, किंबहुना त्याचाच उपयोग जास्त. पीडीएफ टाकू नये. प्रत उसनी देणार असाल तर परतीची तारीखही लिहा.