गादीसाठी कोण वर्गणी देतं?

दारव्हा, जि. यवतमाळ
रविवार

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझा मेसेज मिळाला. ‘मास्तर, या वयात बेचाळीस किलोमीटर? डोकं ठिकाणावर आहे ना?’ घरच्यांचंही हेच म्हणणं आहे. धावलो हे खरं, पुरतं धावलो हेही खरं, आणि नंतर शाळेचा जिना मी उलटा उतरत होतो, पोरं खालून खिदळत होती, हेही तितकंच खरं. पण पुढे तू लिहिलंस, ‘गजूच्या ऑपरेशनसाठी धावलास, अभिमान वाटला.’ तिथे तुझी गफलत झाली. ऑपरेशन कधीचंच उरकलं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत झालं, पैसा लागला नाही, डॉक्टरांनी कामही चोख केलं. मी धावलो ते त्यानंतरच्या भानगडींसाठी. त्या भानगडी धावण्याच्या फोटोत दिसत नाहीत, म्हणून हे लांबण.

गजू कसा पडला ते तुला अर्धंमुर्धं कळलं असेल. सालदार माणूस, वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणारा. हरभरा घाट्यावर आला की रानडुकरं आणि रोही वावरात उतरतात, म्हणून रात्री जागलीला जायचा. पहाटे माळ्यावरून उतरताना पाय सटकला आणि बांधाच्या दगडावर पाठीवर आदळला. आजूबाजूच्या वावरातले लोक धावत आले, चौघांनी हातपाय धरून उचलला आणि छोटा हत्ती टेम्पोत घालून नेला. मणका मोडलेल्या माणसाला असं झोळीसारखं उचलायचं नसतं. 108 ला फोन करायचा, हलवू नये. हलवणं भागच असेल तर मान-पाठ एका रेषेत धरून, सगळ्यांनी एकदम, फळीवर नाहीतर उखडलेल्या दारावर घ्यायचं. हे मी आता वर्गात पोरांना आडवं झोपवून शिकवतो. लोकांनी केलं ते मायेनंच केलं, त्यांना बोल लावायला माझी जीभ उचलत नाही.

कमरेच्या वरचा मणका फुटला, डॉक्टर त्याला एल-वन म्हणतात. पायात जोर नाही. उजव्या अंगठ्यात कधीमधी मुंग्या येतात, तेवढंच.

तेव्हा गावानं बघता बघता वर्गणी गोळा केली होती. ऑपरेशन म्हटलं की लोकांचा हात सैल सुटतो. ती रक्कम जाण्यायेण्यात, बाहेरच्या औषधांत आणि नागपूरच्या मुक्कामात गेली. मग पाठीला टाके घेऊन गजू घरी आला, आणि सगळ्यांना वाटलं की झालं आता, हळूहळू उठेल.

खरं काम तिथून पुढे असतं रे. ज्या अंगाला कळत नाही, ते अंग एकाच जागी दबून राहिलं की रक्त पोचत नाही आणि कातडी आतून सडते. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. वहिनींनी मोबाईलवर गजर लावून ठेवले होते. दिवसा निंदायला जायच्या, रात्री दोन-दोन तासांनी उठायच्या. एका रात्री गजर वाजला नाही की त्यांना ऐकू आला नाही, कोण जाणे; माकडहाडापाशी रुपयाएवढा लाल डाग दिसला, आणि आठवड्याभरात तिथे मुठीएवढी जखम. लघवीचीही तीच गत. आपोआप होत नाही, दिवसातून चार-पाच वेळा नळी घालून काढावी लागते. नळी घालायला उशीर झाला किंवा ती अस्वच्छ असली की ताप. तो ताप मूत्रपिंडापर्यंत जायला वेळ लागत नाही.

आता मला सांग, हवेच्या गादीसाठी वर्गणी मागायला कोणाच्या दारात जायचं? लघवीच्या नळ्यांसाठी? घराला उतार करायचा, संडासात कमोड बसवायचा, फिजिओथेरपिस्ट लावायचा, यासाठी? मी गेलो होतो. लोक ऐकून घेतात, चहा पाजतात, ‘पाहू ना मास्तर’ म्हणतात. सरकारी अपघात योजनाही पाहिली. गोपीनाथ मुंडेंच्या नावानं शेतकऱ्यांसाठी आहे, दोन अवयव कायमचे गेले तर दोन लाख मिळतात. पण ती शेतकऱ्याला आणि त्याच्या घरच्या एकाला. गजू दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर राबला. डुकरं राखताना पडला, पण शेतकरी नाही! मालकानं सुरुवातीला मदत केली, नाही असं नाही. पाडव्याला मात्र नवा सालदार ठेवला. शेती थांबत नाही, हेही मला समजतं.

नागपूरच्या एका पुनर्वसन केंद्रात जागा होती, पण तीन महिने राहायचं, सोबत घरचं एक माणूस, आणि खर्च दीड लाखाच्या पुढे. तेव्हा धावायची कल्पना निघाली, तीही माझी नव्हे. आपल्या रस्त्यावर पहाटे पोलीस भरतीची पोरं पळतात ना, त्यांच्यासोबत मी शुगरच्या भीतीनं पळायला लागलोच होतो. त्यांतला एक म्हणाला, ‘सर, किलोमीटरमागं पैसे लावा. लोकं पैजेवर देतेत.’

आणि दिले की! किराणावाल्यानं किलोमीटरला पाच रुपये लावले, बचत गटाच्या बायांनी वीस. एका म्हातारीनं पायलीभर तूर आणून ठेवली, म्हणे मोजून घे. एकानं तर विचारलं, ‘अर्ध्यातच बसले तं अर्धेच द्यायचे काय?’ तीच माणसं, तेच खिसे. माझ्या पोटरीत येणाऱ्या गोळ्याचा आणि त्याच्या मणक्याचा संबंध काय? मला अजूनही याचा थोडा राग येतो. पण राग धरून गादी येत नाही.

गजूची एकच अट. ‘माया फोटो बॅनरवर लावला तं पाह्य बाप्पा, एक रुपया घेणार नाही. फोटो मेलेल्याचे लावतेत.’ बॅनर केलंच नाही.

धावण्याचं फार सांगत नाही. पहाटे साडेचारला पारापासून निघालो, यवतमाळच्या रस्त्यानं लाडखेडच्या पुढे जाऊन परत. जाताना सूर्य तोंडावर, येताना पाठीवर, आणि जानेवारी असूनही दहा वाजता डांबर तापलेलं. पोरं सोळाशे मीटरचे टप्पे पाडून पाळीपाळीनं सोबत येत होती. भरतीत तेवढंच पळायचं असतं, त्यापुढे त्यांना रस नाही. बाकीची मोटरसायकलवर, संत्री आणि लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घेऊन. तिसाच्या पुढे अंगातली साखर संपते म्हणतात, ते पुस्तकातलं नव्हे हे कळलं. एकानं विचारलं, ‘सर, बेचाळीसच्या वरचे ते 195 मीटर कायले?’ मी धापा टाकत सांगितलं की 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये राजवाड्यापासून निघून राजाच्या कक्षासमोर संपवायचं म्हणून ते अंतर असं वाकडं झालं. तो म्हणाला, ‘मंग राजाचे 195 आमी पळतो, तुमी बसा.’

पैसे जमले. थोडे कमी पडले, ते शाळेतल्या सहकाऱ्यांनी घातले. गजू आणि वहिनी आता नागपुरात आहेत.

परवा जाऊन आलो. खाटेवरून चाकाच्या खुर्चीत जायचं शिकतोय. खुर्ची तिरकी लावायची, ब्रेक आवळायचे, मधे गुळगुळीत फळी, मग दोन्ही हातांवर अंग तोलून सरकायचं. घामाघूम होतो, शिव्या घालतो, आणि पुन्हा करतो. खुर्चीत बसला की दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांच्या जोरावर स्वतःला उचलून धरायचं, म्हणजे कातडी दबत नाही. सर्वांत मला आवडला तो त्यांचा आरसा. लांब दांड्याचा, छोटासा. रोज सकाळी गजू त्यात स्वतःची पाठ, कुल्ले, टाचा बघतो, कुठे लाल झालंय का ते. आधी हे वहिनी बघायच्या, तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. आता तो स्वतः बघतो आणि त्यांना सांगतो, ‘आज बरं हाये.’

तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलं की पूर्वी असे रुग्ण मणक्यानं नव्हे, जखमांनी आणि लघवीच्या जंतूंनीच दगावायचे. 1944 मध्ये लुडविग गुटमन या डॉक्टरांनी इंग्लंडातल्या स्टोक मँडेव्हिलला कूस बदलण्याची कडक शिस्त लावली, आणि 1948 मध्ये तिथेच खुर्चीवरच्या लोकांच्या स्पर्धा घेतल्या. पॅरालिंपिकचं मूळ ते. मी लगेच गजूला आपल्या सांगलीकडच्या मुरलीकांत पेटकरांचं सांगितलं. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून अधू झालेला जवान, 1972 ला हायडेलबर्गला 50 मीटर पोहण्यात सुवर्ण. तुला आठवतं ना, पाटलांच्या विहिरीत गजूइतका वेळ बुडी कोणाला मारता यायची नाही? तो ऐकत राहिला आणि म्हणाला, ‘आधी संडासात एकटा जाऊ दे, मंग हायडेलबर्गले जातो.’

चालेल का, हे तू विचारशीलच. पायांना आधाराचे कॅलिपर लावून, कुबड्या घेऊन घरातल्या घरात चार पावलं कदाचित. बाई त्याहून जास्त बोलत नाहीत, आणि मीही त्याला जास्त सांगत नाही.

आता तुझ्याकडचं काम. एकरकमी पैसे पाठवू नकोस. नळ्या, हातमोजे, मलम हे महिन्याच्या महिन्याला लागणार, वर्षानुवर्षं. तू आणि पुण्यातले आपले दोघं-तिघं मिळून दर महिन्याला थोडे थोडे थेट वहिनींच्या खात्यात टाकत जा, पण चुकवू नका. खातं नंबर वेगळा पाठवतो. आणि होळीला येशील तेव्हा खुर्चीवर घालायची हवेची उशी तिकडून घेऊन ये, यवतमाळला चांगली मिळाली नाही. माप सोळा बाय अठरा, दुकानदाराला खुर्चीची रुंदी सांगून घे.

त्याला फोनही कर. ‘कसा आहेस’ विचारू नकोस, वैतागतो. कापसाचा भाव विचार, अर्धा तास बोलेल.

घरी सर्वांना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझा,
मास्तर