तळ्यावर चोरी दिसली, तर कळवायचं कुणाला?

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री,
सप्रेम नमस्कार.

समुद्रातल्या मासेमारीवर बोलणारे पुष्कळ आहेत. मी लिहितोय ते पायी फेरी मारली तर दहा मिनिटांत संपेल एवढ्याशा पाण्याबद्दल. सामाईक तळी. कुणा एकाची नसतात, म्हणून राखणदारही नसतो, आणि रात्री तिथे काय चालतं ते काठावर राहणाऱ्यांनाच दिसतं.

एका पहाटे मलाही दिसलं. दोघे जण, जवळ बॅटरी, बांबूच्या टोकाला बांधलेली तार. तार पाण्यात बुडाली की चार हातांच्या परिघातले मासे पांढरं पोट वर करून तरंगायला लागत. दुसरा माणूस ते घमेल्यात भरी. मोठे तेवढे उचलले. बोटाएवढी पिल्लं तशीच पाण्यावर राहिली, त्यांना कोण विचारतो! उजाडायच्या आत दोघे गेलेसुद्धा.

मी फोन लावला. पहिल्या कार्यालयाने दुसऱ्याचा नंबर दिला. दुसऱ्याने विचारलं, तळं कुणाच्या हद्दीत येतं? तिसऱ्याने लेखी अर्ज मागितला. अर्ज नेऊन दिला, त्यावर नाव, पत्ता, मोबाईल नंबर सगळं लिहिलं. तिसऱ्या दिवशी त्या दोघांतला एक रस्त्यात आडवा आला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "साहेब, आम्ही तुमचं काय बिघडवलं?" माझं नाव त्याला कुठून कळलं, ते मी विचारलं नाही. तेव्हापासून आमच्या बाजूचं कुणी तक्रार करायला जात नाही.

कायदा नाही अशातला भाग नाही. 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्याने सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणं गुन्हा ठरवलं. शिक्षा ठेवली दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा 200 रुपयांपर्यंत दंड. त्या काळी 200 रुपये ही मोठी रक्कम होती. आज तेवढ्यात बॅटरीसुद्धा येत नाही. मूळ कायद्यात विजेचा उल्लेखही नाही. इंग्लंडच्या 1975 च्या कायद्यात स्फोटकं आणि विष यांच्याबरोबर वीजही आहे. राज्यांनी पुढे आपापले कायदे केले, दंड वाढवले, हे मान्य. पण दंड कितीही वाढवला तरी आधी कुणीतरी कळवावं लागतं, आणि कळवल्यावर कुणीतरी वेळेत यावं लागतं. गाडी नेमकी तिथेच अडते.

वेळेत म्हणजे किती, तर काही तासांत. मेलेला मासा उन्हात लगेच कुजतो आणि कुजलेल्या माशावरून काही सिद्ध होत नाही. कीटकनाशक शोधायचं असेल तर पाणी काचेच्या बाटलीत भरून, थंड आणि अंधारात ठेवून प्रयोगशाळेत पोचायला हवं. सामान्य माणूस ते धुतलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत भरून आणतो आणि पुरावा वाया जातो. विजेचा धक्का बसलेल्या माशाचा कणा अनेकदा मोडलेला असतो, अंगावर काळसर डाग दिसतात. सुरुंगाने पोटातली हवेची पिशवी फुटते आणि बरेच मासे तरंगायच्या ऐवजी तळाशी जातात, त्यामुळे वर दिसतं त्यापेक्षा नुकसान पुष्कळ मोठं असतं. पण हे ओळखणारं माणूस त्याच दिवशी काठावर उभं राहिलं तर उपयोग.

उलट बाजूही सांगतो. तरंगणारा प्रत्येक मासा चोरीचाच असतो असं नाही. पाण्यातल्या वनस्पती आणि शेवाळ रात्री प्राणवायू तयार करत नाहीत, वापरतात मात्र रात्रभर. त्यामुळे पहाटे तो सगळ्यात कमी असतो, आणि ढगाळ दिवसांनंतर मासे तोंड वर काढून धापा टाकतात, मरतातही. अशा वेळी आधी मरतात ते बहुधा मोठे. विष असेल तर लहान मासेही सुटत नाहीत, आणि वेळही पहाटेचीच असावी लागत नाही. एवढं चार ओळीत लिहून तळ्याकाठी लावलं तरी निम्म्या चुकीच्या तक्रारी थांबतील असं मला वाटतं.

त्याच फलकावर आणखी एक गोष्ट हवी. या तळ्याचा ठेका कुणाकडे आहे, कुठल्या तारखेपर्यंत आहे, विणीच्या काळात मासेमारी बंद आहे का, जाळ्याची आस, म्हणजे जाळ्याचं भोक, किती मोठी हवी. हे कुठेच लिहिलेलं नसतं. मग रात्री जाळं टाकणारा ठेकेदाराचा माणूस की चोर, हे बघणाऱ्याने ओळखायचं कसं? ठेका हुकलेली मंडळी एकमेकांवर खोट्या तक्रारी करतात तीही याच अंधाराचा फायदा घेऊन. आणि कृपा करून हे सगळं गळ टाकून बसलेल्या शाळकरी पोरांवर उलटू देऊ नका. आमच्याकडच्या एकमेव कारवाईत तेच सापडले होते.

तक्रारीसाठी मला एकच नंबर हवा आहे, रात्रीही उचलला जाणारा. हद्द कुणाची ते उचलणाऱ्याने शोधावं. इंग्लंडमध्ये पर्यावरण खात्याचा असा चोवीस तासांचा नंबर आहे, बेकायदा मासेमारीही त्यावरच कळवतात. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्याने 1977 मध्ये शिकारचोरांची खबर नाव न सांगता देण्याची सोय केली, पुढे इतर राज्यांनी ती उचलली. आपल्याकडे नाव विचारायचंच असेल तर ते अर्जावर नको; अर्ज किती टेबलांवरून फिरतो ते आपण जाणताच. तक्रारीला क्रमांक द्या आणि त्या क्रमांकावर पुढे काय झालं ते कळू द्या. "कुणी सापडलं नाही" एवढं उत्तर आलं तरी माणूस पुन्हा फोन करतो. काहीच आलं नाही तर करत नाही.

तार पाण्यात बुडवणारे ते दोघे अजून येतात. आता आठवड्यातून दोनदा. माझ्या अर्जाची पोच माझ्याजवळ आहे, तिच्यावर शिक्का आणि तारीख आहे, तक्रार क्रमांकाचा रकाना मात्र कोरा आहे. आपल्या कार्यालयाने मागितली तर लगेच पाठवतो. फक्त पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव लिहिणार नाही.

आपला,
तळ्याकाठचा एक रहिवासी