कूलरवाल्या काकांना थँक्यू

काका, समोर आलो की तुम्ही "सोड रे, त्यात काय" म्हणून उडवून लावता, म्हणून सरळ लिहूनच टाकतोय.

त्या दिवशी पार्किंगमध्ये बॉनेट उघडून मी तोंड पाडून उभा होतो. इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटच्या बाटलीत कूलंट सोडून बाकी सगळं होतं, चॉकलेटी, घट्ट, कोल्ड कॉफीसारखं. गॅरेजवाला म्हणाला होता हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं, हेड उतरवायला लागेल, 40 हजार धरून चाला. तुम्ही भाजीची पिशवी हातात घेऊनच थांबलात आणि विचारलंत, गाडी तापते का? नाही. पांढरा धूर? नाही. मग डिपस्टिक काढून ऑईल दोन बोटांत चोळून बघितलंत, काळंच होतं, दुधाळ नव्हतं, म्हणजे त्यात पाणी गेलं नव्हतं. "मग हेडला कशाला हात लावतोस, आधी ऑईल कूलर बघ." दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये जन्म काढलेला माणूस असं बोलला की ऐकायचं असतं. ऑईल कूलरमध्ये ऑईल आणि कूलंट शेजारी शेजारी वेगळ्या वाटांनी जातात, गाडी चालू असताना ऑईलचं प्रेशर कूलंटपेक्षा जास्त असतं म्हणून कूलर आतून फुटला की ऑईल तिकडे घुसतं, आणि बंद केल्यावर उलटं, कूलंट ऑईलमध्येही जाऊ शकतं, म्हणजे इंजिनातल्या बेअरिंगची वाट, हे तुम्ही मला जिन्यात उभं राहून दोन मिनिटांत सांगितलंत.

रविवारी कूलर बदलायचं काम मला वाटलं होतं तुम्ही कराल आणि मी टॉर्च धरीन, तर तुम्ही स्टूल टाकून बसलात आणि पाना माझ्या हातात! इंजिन पार गार होईपर्यंत झाकणाला हात लावू दिला नाहीत. कूलंट काढताना थोडं फरशीवर सांडलं आणि आपला काळू चाटायला आला तेव्हा केवढ्याने ओरडलात, आणि आधी बादलीभर पाणी ओतून फरशी धुवायला लावलीत, मग पुढचं काम. ते गोड लागतं म्हणून कुत्री चाटतात आणि किडनी जाऊन मरतात, मला खरंच माहीत नव्हतं.

पाईपमागचा तो शेवटचा बोल्ट मात्र अजून स्वप्नात येतो. मी जोर लावायला गेलो तर म्हणालात, ॲल्युमिनियम आहे, आटे गेले की रडत बसशील. नव्या ओरिंगला (गळती थांबवणाऱ्या रबरी कडीला) बोटाने ऑईल लावून बसवायला लावलंत, बोल्ट आलटून पालटून आवळायचे, जोर फक्त 10 न्यूटन मीटर, बस. आणि जुना कूलर! ऑईलच्या बाजूचं एक भोक बुजवून दुसऱ्यातून सायकलच्या पंपाने हवा मारली आणि बादलीत बुडवला, तर पाण्याच्या भोकातून बुडबुडे, अगदी पंक्चरवाल्याकडे ट्यूब बघतात तसे. माझा मुलगा टाळ्या वाजवत होता, मला तर नाचायचंच बाकी होतं.

फ्लशिंगने जीव काढला हे खरं. पाच वेळा पाणी भरा, गरम करा, गार करा, काढा, तरी चौथ्या वेळेपर्यंत तवंग. ते पाणी गटारात सोडू दिलं नाहीत, सगळं कॅनमध्ये. ऑईलने फुगलेले दोन होज पण बदलायला लावलेत, मी कंजूषपणा करत होतो.

महिना झाला, बाटलीतलं कूलंट हिरवंगार आहे, रोज सकाळी बघतो. तुमची 10 ची गोटी (पान्याचा सॉकेट) हरवली म्हणून मी शिव्या खाल्ल्या होत्या ना, ती काल इंजिनाखालच्या पत्र्यावर सापडली. संध्याकाळी आणून देतो, चहा टाकायला सांगा काकूंना.