ममीतला गहू उगवत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत बियाण्याला अख्खे पान दिलेत, आभार. पण इजिप्तच्या ममीशेजारचा गहू पेरला आणि उगवला, हे छापायला नको होते. ही एकोणिसाव्या शतकातली आवई आहे. असला जुना गहू तपासला तेव्हा त्यातला कोंब मेलेलाच निघाला. जुने बी उगवल्याचा खरा दाखला इस्रायलमधल्या मसाडा किल्ल्यावरच्या खजुराचा आहे. सुमारे 2000 वर्षांपूर्वीची ती बी 2005 मध्ये लावली आणि तिचे झाड झाले. तिथली हवा कोरडी ठणठणीत, म्हणून टिकली.

राग येण्याचे कारण असे की मे महिन्यात सातारा-सांगलीत घरोघरी ऑक्टोबरच्या सोयाबीनची थप्पी असते. बी हजारो वर्षे टिकते असे वाचून कोणी हे घरचे सोयाबीन न तपासता पेरले तर दुबार पेरणी कपाळी येते. सोयाबीन पुढच्या खरिपापर्यंत जेमतेम टिकते. साल पातळ, आणि कोंब सालीला लागूनच, कडेला. मळणीयंत्राचा ड्रम जोरात फिरला की दाणा वरून अख्खा दिसतो, पण आतला कोंब ठेचलेला असतो. बियाण्यासाठी मळताना दाण्यात 13-14 टक्के ओल हवी, ड्रमचे फेरे मिनिटाला 350 ते 400 हवेत. नंतर वाळवून ओल 12 टक्क्यांच्या खाली आणायची. ओल एका टक्क्याने उतरली की बियाण्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते. बी टिकण्याचे सगळे मर्म या ढोबळ नियमात आहे आणि तुमच्या पानभर लेखात तो एका ओळीतही नाही. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून लांब, थप्पी सात पोत्यांच्या आत. ट्रॉलीतून पोते आपटले तरी उगवण घटते, हे हमालांना बजावून सांगावे लागते.

निदान आता तरी उगवणशक्ती कशी तपासायची ते छापा. प्रत्येक पोत्यातून मूठमूठ बी काढून एकत्र करा आणि त्यातले न निवडता 100 दाणे मोजून घ्या. चांगले दाणे वेचून घेतले की तपासणी फसते. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडा, वर दुसरे ओले गोणपाट टाकून गुंडाळी करा, सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. पाणी निथळले पाहिजे, साचले तर दाणे कुजतात. सातव्या दिवशी मोजा. मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेलेच धरायचे, तुटक्या मुळाचे नाही. 70 आले तर एकरी 30 किलो बियाणे. त्याखाली दर टक्क्याला अर्धा किलो वाढवा, म्हणजे 65 ला साडेबत्तीस, 60 ला 35. साठच्याही खाली गेले तर ते बी पेरू नये, बाजारात घालावे. याला आठवडा जातो आणि मृग 7-8 जूनला लागतो, तेव्हा हे येत्या दोन-चार दिवसांतच छापावे.

आणि हो, त्याच पानावर शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, कणसाच्या फोटोखाली ‘बाजरी’ छापले आहे. ज्वारी-बाजरीच्या माण-खटाव तालुक्यांतल्या वाचकाला हे वाचायला लावू नका. दुरुस्ती करावी.

— एक वाचक, कोरेगाव, जि. सातारा